नव्वद हजार येनची वाकिझाशी घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तोक्योत नोकरी करता, जुन्या वस्तूंच्या बाजारात एक वाकिझाशी, म्हणजे आखूड जपानी तलवार, नजरेत भरली. पाते ४५ सेंटिमीटर, मुठीच्या आतल्या भागावर 'कोतेत्सू' अशी सही, सोबत नोंदणीचे कार्ड, पण जाणकारांचा कुठलाही दाखला नाही. पात्यावर गंजाचे चार-पाच ठिपके. विक्रेता ९०,००० येन सांगतो. घ्यावी का, घेतली तर सांभाळायची कशी, आणि दोन-तीन वर्षांनी पुण्याला परतताना सोबत नेता येईल का?

ही घेऊ नका. पण एवढेच सांगून थांबलो तर पुढच्या महिन्यात दुसऱ्या बाजारात अशीच दुसरी घ्याल, म्हणून सविस्तर लिहितो. मी २२ वर्षे जपानात आहे, त्यातली १८ या आखूड पात्यांच्या मागे गेली. माझ्याकडे तीन वाकिझाशी आणि दोन तांतो, म्हणजे त्याहून आखूड, कट्यारीसारखी पाती, आहेत. याहून जास्त कधी ठेवले नाहीत, कारण एका माणसाला नीट बघवतील आणि निगराणी करवेल एवढीच पाती घरात असावीत, असे माझे मत आहे.

आधी सहीबद्दल. नागासोने कोतेत्सू हा सतराव्या शतकातला एदोचा, म्हणजे आजच्या तोक्योचा, लोहार. मूळचा चिलखते घडवणारा, पन्नाशीच्या सुमारास तलवारीकडे वळला आणि एदोतल्या सर्वांत नावाजलेल्या कारागिरांत जाऊन बसला. त्याच्या नावाने इतक्या खोट्या सह्या कोरल्या गेल्या की 'कोतेत्सू दिसली की खोटी समजावी' अशी म्हणच जपानीत पडली आहे. त्याच्या सहीत 'तोरा', म्हणजे वाघ, हे अक्षर येते. आधीच्या कामात त्याचा शेवटचा फटकारा वर उडवलेला असतो, नंतरच्या कामात तेच अक्षर पेटीसारखे चौकोनी होते. अभ्यासक त्या एका अक्षरातल्या छिन्नीच्या घावांवर तासन्‌तास वाद घालतात. खरी कोतेत्सू दशलक्षांच्या भाषेत विकली जाते, ९०,०००ला बाजारात पडून राहत नाही.

कार्ड आहे म्हणून सही खरी, असेही नाही. ते कार्ड, तोरोकुशो, प्रीफेक्चरचे, म्हणजे त्या जपानी प्रांताचे, शिक्षण मंडळ देते. त्यावर प्रकार, लांबी, बाक, खिळीच्या भोकांची संख्या आणि नाकागोवर काय कोरलेले दिसते तेवढेच उतरवलेले असते. नाकागो म्हणजे मुठीत जाणारा पात्याचा भाग. तिथे खोटी सही असेल तर खोटी सहीच उतरते. हे पाते जपानी परंपरेने घडवलेले आहे आणि घरात ठेवणे कायदेशीर आहे, इतकाच त्या कार्डाचा अर्थ.

मोजमापही समजून घ्या, कारण विक्रेते याच भाषेत बोलतात. लांबी टोकापासून पाठीवरच्या खाचेपर्यंत सरळ रेषेत मोजतात. एक शाकू म्हणजे ३०.३ सेंटिमीटर आणि त्याचा दहावा भाग एक सुन. शाकूच्या आतला तो तांतो, एक ते दोन शाकूंची वाकिझाशी, त्यापुढे कताना. तांतोच्या घाटाचे पण शाकूच्या किंचित पुढे गेलेले पातेही मिळते, त्याला सुन्नोबी म्हणतात. कार्डावर ते वाकिझाशी असते, पण जाणकार त्याकडे तांतो म्हणूनच बघतात. एदो काळात लांब तलवार बाळगायला व्यापारी-कारागिरांना बंदी आली, वाकिझाशी मात्र चालत असे. त्यामुळे वाकिझाशी भरपूर घडल्या आणि भरपूर उरल्या. ज्या लोहाराची कताना आपल्या आवाक्यात कधी येणार नाही, त्याच्याच हातची वाकिझाशी परवडू शकते. नवख्या माणसाने आखूड पात्यापासून सुरुवात करावी असे मी म्हणतो ते यासाठीच.

आता पैशांचा हिशेब करू. ४५ सेंटिमीटर म्हणजे साधारण १५ सुन. तोगिशी, म्हणजे पाते घासून उजळणारा कारागीर, सुनाच्या हिशेबाने पैसे घेतो. चांगल्या हाताचा दर माझ्या अनुभवात सुनाला १०,००० येनच्या पुढेच असतो, म्हणजे दीड लाख तिथेच गेले. नव्या पॉलिशचे पाते जुन्या म्यानात घालता येत नाही, आत जुने तेल आणि कण बसलेले असतात. म्हणून साध्या लाकडाचे नवे म्यान, शिरासाया, करावे लागते. हाबाकी, म्हणजे पात्याच्या मुळाशी बसणारी तांब्याची किंवा सोन्या-चांदीचा पत्रा चढवलेली कॉलर, सैल असेल तर तीही नवी. ९०,०००ची वस्तू बघता बघता तीन लाखांवर जाते आणि हातात खोट्या सहीचे पाते उरते. तोगिशीकडे महिनोन्‌महिने रांग असते, ते वेगळेच. त्याच तीन लाखांत कागद असलेली, पॉलिश शाबूत असलेली, बिनसहीची किंवा कमी गाजलेल्या लोहाराची वाकिझाशी आजही मिळते. पहिली खरेदी तशीच करा.

'कागद' म्हणजे निहोन बिजुत्सू तोकेन होझोन क्योकाई या संस्थेचे प्रमाणपत्र. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानचा ताबा घेतलेल्या परक्या सैन्याने हत्यारे म्हणून तलवारी जप्त केल्या, त्यातून कलावस्तू वाचवण्याची धडपड झाली आणि त्या धडपडीतून १९४८ साली ही संस्था उभी राहिली. तिच्या दाखल्यांच्या चढत्या पायऱ्या होझोन, तोकुबेत्सू होझोन, जूयो आणि तोकुबेत्सू जूयो अशा आहेत. सही खोटी ठरली तर दाखला मिळत नाही. यातली होझोन-तोकुबेत्सू होझोनची पद्धत १९८२ पासूनची. त्याआधीच्या काळातले पांढरे-हिरवे कागद विक्रेता दाखवील, त्यांच्या भरवशावर पैसे मोजू नका. तुमच्यासाठी होझोन पुरे आहे.

बाजारात जाण्याआधी या संस्थेचे संग्रहालय बघून या, २०१८ पासून ते तोक्योतल्या र्‍योगोकूत आहे. उएनोच्या तोक्यो राष्ट्रीय संग्रहालयातही तलवारींचे दालन आहे. तिथल्या संग्रहात 'अत्सुशी तोशिरो' नावाचा योशिमित्सूने घडवलेला तेराव्या शतकातला तांतो आहे, राष्ट्रीय ठेवा. पाते जेमतेम २२ सेंटिमीटर, पण मुळाशी एक सेंटिमीटरहून जाड. मांडणी बदलत असते, तो प्रत्येक वेळी दिसेलच असे नाही. ज्या दिवशी दिसेल त्या दिवशी अर्धा तास त्याच्यासमोर उभे राहा. आखूड पात्यात किती ऐवज असू शकतो ते मला त्याच्यासमोर कळले.

सही बाजूला ठेवून पाते बघायला शिका. पहिली गोष्ट म्हणजे हागिरे: धारेला काटकोनात उभी गेलेली, केसाएवढी भेग. ही पॉलिशने जात नाही आणि तिने पात्याची किंमत संपते. गंजाचे ठिपके किंवा ओरखडे असले की विक्रेता पॉलिशने जाईल म्हणतो, पण गंजाखाली हागिरे लपलेली असू शकते, म्हणून गंजलेले पाते अंदाजाने घ्यायचे नसते. दुसरी, थकलेले पाते. प्रत्येक पॉलिशला थोडे पोलाद झिजते. बाहेरचे कडक, सुरेख कातडे झिजून गेले की आतले मऊ पोलाद निस्तेज डागांसारखे वर येते. त्यावर उपाय नाही. तिसरी, आगीत सापडून पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलेले आणि नंतर पुन्हा पाणी दिलेले पाते. ते ओळखायला वर्षे लागतात, म्हणून कागद हवा.

सगळ्यात रमण्यासारखा भाग आता येतो. आपल्याकडे लोहार विळ्याला, कोयत्याला 'पाणी देतो', तेच इथे फार नजाकतीने होते. पात्यावर मातीचा लेप देतात, धारेशी पातळ आणि पाठीशी जाड. मग तापवून पाण्यात बुडवतात. धार चटकन थंड होऊन कडक होते, पाठ सावकाश निवून चिवट राहते. त्या दोन्हींच्या सीमेवर जी रेघ उमटते ती हामोन. काचेमागच्या तलवारीवर पांढरी लाट दिसते, ती बरीचशी तोगिशीने शेवटी बोटाखालच्या पातळ दगडाने उजळलेली असते. खरा हामोन बघायचा तर खोलीत एकच उघडा बल्ब ठेवा. ट्यूबलाइट नको. पात्याचे टोक बल्बच्या दिशेने करून पाते इतके हळू फिरवा की प्रकाशाचा ठिपका धारेवरून सरकत जाईल. त्या ठिपक्याच्या कडेला बघा, ठिपक्यात नको. तिथे ओल्या फरशीवर सांडलेल्या बारीक रव्यासारखे चमकते कण दिसले तर ते निए. कण सुटे दिसत नाहीत, पहाटेच्या धुक्यासारखा पट्टा दिसतो, तर तो निओई. आम्लाने काढलेल्या नकली रेघेत हे दोन्ही नसते, ती नुसती राखाडी आणि सपाट दिसते. तीच नजर धारेवरून अंगाकडे न्या. पोलाद घड्या घालून पुन्हा पुन्हा ठोकल्याने तिथे लाकडाच्या रेषांसारखी नक्षी असते. कुठे सरळ रेषा, कुठे गाठींसारखी वर्तुळे. पहिल्या दहा पात्यांत मला काहीच दिसले नव्हते. अकराव्यात दिसले आणि मग आधीच्या दहांतही दिसू लागले.

आता निगा. बहुतेक पाती मालकाच्या आळसाने कमी आणि मालकाच्या अतिप्रेमाने जास्त खराब होतात, हे मी इतक्या घरांत पाहिले आहे की तुम्हाला आधी हात आवरायला सांगतो.

काम गालिच्यावर किंवा जाड चादरीवर बसून करा. घड्याळ, अंगठी काढून ठेवा. पाते उघडे असताना बोलू नका, थुंकीचा अदृश्य शिंतोडाही पंधरा दिवसांत डाग देतो. म्यान डाव्या हातात, धार वर. अंगठ्याच्या जोराने आधी फक्त सैल करा आणि मग पाते पाठीवर सरकवत एका संथ ओढीत बाहेर काढा. अर्ध्यात थांबू नका, हिसका देऊ नका. मुठीतली बांबूची खिळी, मेकुगी, निमुळती असते. बारीक टोकाकडून ढकलली तरच निघते. मग डाव्या हाताने मुठीचे टोक धरून पाते जरा तिरके उभे ठेवायचे आणि उजव्या मुठीने डाव्या मनगटावर ठोका द्यायचा, की पाते सैल होते. इथे तांतोवाल्यांनी फार सांभाळावे. आखूड पात्याचा नाकागो छोटा आणि वजन कमी, त्यामुळे कताना समजून जोरात ठोका दिला तर तांतो मुठीतून उडून मांडीवर पडतो. पहिला ठोका टिचकीएवढाच द्या.

हाबाकी काढल्यावर जुने तेल पुसा. पारंपरिक रीत अशी: मऊ कागदाने पुसायचे, मग उचिको, म्हणजे पॉलिशच्या दगडाची पूड बांधलेला गोंडा, पात्यावर हलके टिपायचा आणि ती पूड पुन्हा पुसायची. चित्रपटांत हेच दिसते म्हणून सगळ्यांना ते करायची हौस असते. माझे मत विचाराल तर उचिको वापरू नका. ती शेवटी दगडाचीच पूड आहे, स्वस्त संचातली तर भरड असते, आणि दर पुसण्याला सूक्ष्म ओरखडे उठतात. दहा वर्षांत पॉलिश धुरकट होते. इथल्या औषधांच्या दुकानात 'मुसुई एतानोरू' मागा, ते निर्जल अल्कोहोल. सुगंध किंवा लोशन नसलेल्या मऊ कागदावर दोन थेंब घ्या, कागद पाठीकडून पात्यावर दुमडा आणि मुळापासून टोकाकडे एकाच दिशेने न्या. मागे-पुढे घासायचे नाही. टोक शेवटी, वेगळ्या कागदाने.

मग बल्बखाली मनसोक्त बघा. आत ठेवण्याआधी नवे तेल लावा, इतके पातळ की पात्यावर थेंब जमता कामा नये. तेलाचे नाव चोजी, म्हणजे लवंग. त्यामुळे आपली माणसे हमखास फसतात. घरातले दातदुखीचे लवंगेचे तेल लावायचे नाही. तलवारीचे चोजी तेल आज बहुधा शुद्ध खनिज तेल असते, लवंगेचा फक्त वास. खोबरेल तर अजिबात नको, ते थंडीत थिजते आणि खवट होते. नुकतेच पॉलिश झालेले पाते पहिले सहा महिने दर महिन्याला पुसून तेल लावा. पुढे तीन ते सहा महिन्यांतून एकदा पुरे.

नाकागोला हात लावायचा तो फक्त धरायला. त्यावरचा काळपट-तपकिरी गंज हीच पात्याची जन्मपत्रिका. कानशीच्या खुणा, गंजाचा रंग आणि सहीच्या कडा यांवरून वय आणि खरेपणा ठरतो. तो घासून 'स्वच्छ' केलेला नाकागो मी दोनदा पाहिला आहे, दोन्ही वेळा पात्याची निम्म्याहून अधिक किंमत एका दुपारी गेली होती. तीच गोष्ट त्सुबाची, म्हणजे मुठीपुढच्या चकतीची. लोखंडावरचा काळा थर आणि शाकुदो या सोनेमिश्रित तांब्यावरचा निळसर काळा रंग मुद्दाम आणलेला असतो. चिंच, मीठ, लिंबू यांचे त्याच्याशी वैर आहे.

माझी एक चूक सांगतो, ती तुमच्याकडून होऊ नये म्हणून. पहिला तांतो घेतला त्या वर्षी खंडेनवमीला मी पाटावर शस्त्र मांडले, घरी आजोबा मांडत तसे. ओल्या बोटाने पात्याच्या मुळाशी हळद-कुंकू लावले, झेंडूची फुले वाहिली. अर्ध्या तासाने पुसले, तेल लावले आणि आत ठेवले. तीन आठवड्यांनी उघडले तर बोटाच्या आकाराचा तांबडा डाग. तोगिशीने बघितले, बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला की एवढाच डाग काढला तर पृष्ठभाग तिथे बुडलेला दिसेल, काढायचा तर पूर्ण बाजू घ्यावी लागेल. सातशे वर्षांनी किंचित बारीक झालेल्या पात्याची आणखी एक बाजू माझ्या बोटापायी झिजवायची मला हिंमत झाली नाही. डाग पुढे सरकणार नाही एवढे त्याने केले, आणि तो आजही तिथे आहे. आता मी पूजा चुकवत नाही, पण पाते म्यानात, म्यान रेशमी पिशवीत, आणि कुंकू पाटाला.

ठेवायची जागा. पाते होनोकी लाकडाच्या शिरासायात राहावे. हे लाकूड मऊ असते, आणि दोन अर्धे भाताच्या खळीने चिकटवलेले असतात, म्हणजे कधी आत गंज धरला तर म्यान उकलून साफ करता येते. नक्षीची मूठ-म्यान, कोशिराए, असेल तर त्यात लाकडी पाते घालून ते वेगळे ठेवतात. आडवे ठेवा, भिंतीपासून दूर. जपानी घरातले भिंतीतले कपाट जून-जुलैच्या पावसात कोकणातल्या माळ्याइतके दमट होते, तिथे नको. पण घाबरून सिलिका जेलची पाकिटे कोंबू नका, लाकूड सुकून आकसते आणि म्यानाला चीर जाते. पावसाच्या त्या दिवसांत पाते बाहेर न काढणे हाच उत्तम उपाय.

कायद्याचे थोडक्यात. घेतल्यापासून २० दिवसांच्या आत, कार्डावर ज्या प्रीफेक्चरचे नाव आहे तिथल्या शिक्षण मंडळाला मालक बदलल्याचे कळवावे लागते. विक्रेत्यावर सोडू नका. कार्ड नेहमी पात्यासोबत असू द्या. तोगिशीकडे नेताना ते पिशवीत बांधून, सरळ तिकडेच.

पुण्याला नेण्याबद्दल मी तुम्हाला उत्साह देणार नाही. जपानातून बाहेर नेताना सांस्कृतिक व्यवहार संस्थेकडून, म्हणजे बुंकाचोकडून, निर्यातीचा दाखला घ्यावा लागतो आणि तोरोकुशो परत करावे लागते. पुढे कधी पाते परत जपानात आणायचे ठरले तर नोंदणी पहिल्यापासून. भारतात १९५९चा शस्त्र कायदा आहे. तलवार-कट्यार आणि नऊ इंचांहून लांब पात्याची हत्यारे त्याच्या कक्षेत येतात, आणि बाहेरून आणायला परवान्याचा प्रश्न येतो. नऊ इंच म्हणजे जेमतेम २३ सेंटिमीटर, तुमची वाकिझाशी त्याच्या जवळपास दुप्पट. पुण्याच्या पोलीस आयुक्तालयाकडून आणि कस्टम्सकडून लेखी उत्तर हाती येईपर्यंत विमानाचा विचारही करू नका. दोन वर्षांत परत जायचे नक्की असेल तर पाते न घेता एक चांगला त्सुबा घ्या. त्याला तोरोकुशो लागत नाही, तळहातावर मावतो, आणि त्याच काळाचे, त्याच हातांचे काम त्यात बघायला मिळते.

तरीही पातेच हवे असेल तर घाई न करता एखाद्या कायमच्या दुकानात जा, किंवा शरद ऋतूत तोक्योतल्या शिम्बाशीला भरणाऱ्या दाई तोकेन इची या तलवारींच्या मोठ्या बाजाराला. तिथे एका छताखाली शेकडो पाती असतात आणि दुकानदार हातात देऊन दाखवतात. घड्याळ-अंगठी आधी खिशात, दोन्ही हातांनी घ्यायचे, किंचित मान लवायची, मग बघायचे. बघण्याआधी 'हाइकेन' हा शब्द वापरून परवानगी मागा, म्हणजे समोरच्याला कळते की तुम्हाला रीत ठाऊक आहे. टोकापासून सुरुवात करा, धारेची पूर्ण लांबी भेगेसाठी तपासा, शेवटी मूठ काढून नाकागो दाखवायला सांगा. कागद आणि तोरोकुशो मागून दोन्हींवरची लांबी आणि सही पात्याशी जुळवा. नाकागो दाखवायला कुणी टाळाटाळ केली तर पाते दोन्ही हातांनी परत करा आणि तिथून निघा.